मातीची परतफेड शिकवणारा शास्त्रज्ञ

इंदूर पद्धतीचे कंपोस्ट आज जगभरच्या बागांत मुरते. या पद्धतीचे जनक सर अल्बर्ट हॉवर्ड भारतात शेती शिकवायला आले आणि शिकून परत गेले. बिहारमधील शेतकरी, माळव्यातील काळी माती आणि झाडांवरची कीड हेच त्यांचे गुरू ठरले. त्यांच्या जीवनाचा हा परिचय.

बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव उघडते, असे आपल्याकडे म्हणतात. उकिरड्याचे दैव तीन महिन्यांत उघडून दाखवण्याचे काम विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात इंदुरात झाले. होळकर संस्थानाने दिलेल्या तीनशे एकर जमिनीवर, गोठ्यालगतच्या खड्ड्यांमधून, काडीकचऱ्याचे काळेभोर, मातीच्या वासाचे खत तयार होऊ लागले. ते तयार करवून घेणारे अल्बर्ट हॉवर्ड हे केंब्रिजमध्ये शिकलेले वनस्पतिशास्त्रज्ञ होते. आज घराच्या गच्चीवर ओल्या कचऱ्यापासून खत करणाऱ्या आणि बागेत विषारी फवारणी नको म्हणणाऱ्या शहरवासीयाला हॉवर्ड यांचे नाव ठाऊक असेलच असे नाही. मात्र तो ज्या वाटेने चालला आहे, ती वाट पाडणाऱ्यांत हॉवर्ड यांचे स्थान फार वरचे आहे.

शेतकऱ्याचा मुलगा

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातील बिशप्स कॅसल या गावी झाला. वडील शेतकरी होते. शेताच्या बांधावर वाढलेला हा मुलगा पुढे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायन्समध्ये आणि तेथून केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेला. निसर्गविज्ञानात त्याने प्रथम श्रेणी मिळवली आणि १८९७ मध्ये केंब्रिजचीच शेतीविषयक पदविकाही घेतली. त्या काळात शेतीच्या संशोधनाला प्रतिष्ठा होती ती रसायनशास्त्रामुळे. जर्मन शास्त्रज्ञ लीबिग यांनी १८४० मध्ये वनस्पतींच्या पोषणाचा रासायनिक सिद्धांत मांडला होता. त्यानंतरच्या पिढ्यांनी मातीकडे पाहण्याची दृष्टी ठरवून टाकली होती. पीक जमिनीतून जी द्रव्ये नेते ती मोजावीत आणि तेवढी पोत्यातून परत ओतावीत, असा तो हिशोब होता. हॉवर्ड याच शाळेत घडले.

१८९९ मध्ये ते वेस्ट इंडिजला गेले. तेथील शेती खात्यात बुरशीशास्त्रज्ञ म्हणून उसाच्या व इतर पिकांच्या रोगांचा अभ्यास करणे हे त्यांचे काम होते. काम करता करता एक अडचण त्यांच्या ध्यानात आली. रोगट पाने प्रयोगशाळेत येत, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची तपासणी होई, अहवाल लिहिला जाई आणि शेतकऱ्याला सल्ला दिला जाई. सल्ला देणाऱ्याकडे स्वतःचे एक वावरही नव्हते. आपला उपाय आधी आपल्याच पिकावर करून पाहण्याची सोय नसलेला तज्ज्ञ म्हणजे केवळ कागदी तज्ज्ञ, ही खंत त्यांच्या मनात घर करून राहिली.

१९०३ मध्ये ते इंग्लंडला परतले आणि केंट परगण्यातील वाय येथील कृषी महाविद्यालयात रुजू झाले. तेथे हॉप या वेलीवर त्यांनी काम केले. बीअरसाठी लागणाऱ्या या पिकात नर वेली काढून टाकण्याचा प्रघात होता. हॉवर्ड यांनी नर वेली पुन्हा लावून परागीकरण होऊ दिले. तेव्हा फळे लवकर भरली आणि मावा व भुरी या दोन्हींना वेली अधिक चांगल्या तोंड देऊ लागल्या. निसर्गाचा एक दुवा माणसाने तोडला होता. तो जोडताच पीक सुधारले, हा अनुभव त्यांना आयुष्यभर पुरला.

पुशाची पंचाहत्तर एकर

लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत, हेन्री फिप्स या अमेरिकन दानशूराच्या देणगीतून बिहारमधील पुसा येथे शेती संशोधनाची मध्यवर्ती संस्था उभी राहत होती. १९०५ मध्ये हॉवर्ड यांची तेथे शासनाचे आर्थिक वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक झाली. त्याच वर्षी त्यांचा विवाह गॅब्रिएल मथाई यांच्याशी झाला. गॅब्रिएल या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजच्या विद्यार्थिनी. एफ. एफ. ब्लॅकमन यांच्याबरोबर प्रकाशसंश्लेषणावर त्यांनी केलेले संशोधन वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात नोंदले गेले आहे. भारतात आल्यानंतरची पंचवीस वर्षे या दांपत्याचे काम वेगळे काढता येणार नाही, इतके ते एकजीव होते. लेखांवर आणि अहवालांवर दोघांची नावे असत. सरकारने मात्र गॅब्रिएल यांना अधिकृत पद देण्यास काही वर्षे लावली. १९१० मध्ये त्या सहायक झाल्या आणि १९१३ मध्ये द्वितीय आर्थिक वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याच वर्षी त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळाले.

पुशात हॉवर्ड यांना अखेर हवी ती गोष्ट मिळाली. सुमारे पंचाहत्तर एकर जमीन त्यांच्या हाती आली. वेस्ट इंडिजमधील खंत दूर करण्याची ही संधी होती. त्यांना सोपवलेले मुख्य काम गव्हाच्या सुधारित वाणांचे होते आणि ते त्यांनी उत्तम रीतीने पार पाडले. पुसा ४, पुसा १२ हे गहू उत्तर भारतात दूरवर पसरले. १९०९ मध्ये पतिपत्नींचा भारतातील गव्हावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. नीळ, तंबाखू आणि फळझाडे यांवरही काम झाले. परंतु वाण कितीही चांगले असले तरी ज्या मातीत ते रुजणार ती माती निकस असेल तर उपयोग काय, हा प्रश्न दरवर्षी अधिक टोकदार होत गेला.

उत्तर शोधण्यासाठी हॉवर्ड कुंपणाबाहेर पाहू लागले. पुशाच्या आसपासचे शेतकरी कोणतेही औषध फवारत नव्हते, विकतचे खत टाकत नव्हते, तरी त्यांची पिके बहुतांशी निरोगी होती. शेतकरी मिश्र पिके घेत. तुरीसारखी खोल मुळांची कडधान्ये धान्याच्या सोबतीला असत. पिढ्यान् पिढ्यांच्या या शहाणपणाला अडाणीपणा समजण्याची चूक साहेबी शेती खात्यात सर्रास होत असे. हॉवर्ड यांनी तसे केले नाही. त्यांनी शेतकऱ्यांना आपले शिक्षक मानले आणि त्यांच्या जोडीला आणखी एका शिक्षकाला बसवले. तो शिक्षक म्हणजे कीड.

कीड आणि बुरशी हे शत्रू नसून तपासनीस आहेत, असा विचार येथून त्यांच्या मनात रुजला. चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी, उपाशी मातीत लावलेले पीक कीड नेमके हेरते. तपासनिसाला मारून हिशोबातील गफलत दुरुस्त होत नाही. म्हणून त्यांनी कीड मारण्याऐवजी तिने दाखवलेला दोष शोधायला सुरुवात केली. कोठे पाणी साचून मुळांना हवा मिळत नव्हती, तर कोठे मातीत सेंद्रिय अंश उरला नव्हता. फळझाडांची मुळे खणून, धुऊन, त्यांचे नकाशे काढून हॉवर्ड दांपत्याने दाखवून दिले की झाडाचे दुखणे पानावर दिसले तरी त्याचे मूळ पुष्कळदा मुळातच असते. १९१० च्या सुमारास आपण रसायनांशिवाय जवळपास रोगमुक्त पिके काढू शकतो, असा विश्वास त्यांना आला.

याच सुमारास त्यांनी कामाचे बैल स्वतःच्या ताब्यात मागून घेतले. सहा जोड्या मिळाल्या. त्यांना सकस मातीतला ताजा चारा, स्वच्छ गोठा आणि नीट निगा मिळू लागली. शेजारीच, एका बुटक्या कुंपणापलीकडे संस्थेच्या मोठ्या गोठ्यात लाळ्या-खुरकुताची साथ वारंवार येई. हॉवर्ड यांचे बैल कुंपणावरून त्या आजारी जनावरांशी नाकाला नाक घासताना त्यांनी स्वतः पाहिले, तरी त्यांना लागण झाली नाही. या प्रसंगाचा त्यांच्या विचारांवर खोल ठसा उमटला. आजच्या कसोटीवर याला शास्त्रीय प्रयोग म्हणता येणार नाही. जनावरे थोडी होती आणि तुलनेची काटेकोर मांडणी नव्हती. लाळ्या-खुरकूत हा विषाणूजन्य रोग असून त्याला लसीकरण हाच भरवशाचा उपाय ठरला आहे. पण पोषण आणि प्रतिकारशक्ती यांचा संबंध शोधण्याची दिशा या निरीक्षणाने हॉवर्ड यांना दिली, हे खरे.

भिंती आणि चौकटी

जमीन, पाणी, मुळे, खत, जनावरे आणि माणसे यांचा एकत्र विचार केल्याशिवाय शेती कळणार नाही, अशा निष्कर्षाप्रत हॉवर्ड आले होते. पुशातील व्यवस्था याच्या नेमकी उलट होती. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, कीटकशास्त्र आणि बुरशीशास्त्र असे वेगवेगळे विभाग होते आणि प्रत्येकाने आपली हद्द सांभाळायची होती. वाण काढणाऱ्याने खताविषयी बोलू नये आणि खतवाल्याने कीड पाहू नये, अशा वातावरणात त्यांचा जीव घुसमटू लागला. एकोणीस वर्षांच्या नोकरीनंतर, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. सरकारी शास्त्रज्ञाची प्रतिष्ठेची जागा सोडून नवी संस्था शून्यातून उभारणे, हे त्या वयात धाडसच होते.

हॉवर्ड दांपत्याने जागा निवडली ती इंदूरची. होळकर दरबाराने तीनशे एकर जमीन नव्व्याण्णव वर्षांच्या कराराने दिली, मध्य हिंदुस्थानातील संस्थानांनी वर्गणी दिली आणि मध्यवर्ती कापूस समितीने मोठे अनुदान दिले. १९२४ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली. अहिल्याबाईंच्या काळापासून मराठी माणसांचे घर असलेल्या या शहरात आधुनिक सेंद्रिय शेतीची पहिली मोठी प्रयोगशाळा आकाराला आली.

संस्थेचे मुख्य पीक कापूस होते. काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी तुंबते, मुळांचा श्वास कोंडतो आणि पीक पिवळे पडते. विदर्भ-मराठवाड्याच्या शेतकऱ्याला हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. हॉवर्ड यांनी वाण शोधण्याबरोबरच निचरा, बांधबंदिस्ती आणि मातीतील सेंद्रिय द्रव्य यांवर भर दिला. संस्थेतील मजुरांना वेळेवर आणि थोड्या थोड्या दिवसांनी पगार, राहायला बरी घरे, औषधोपचार आणि कामाचे माफक तास या गोष्टी मिळतील याकडेही त्यांनी लक्ष दिले. मजूर समाधानी नसेल तर शेतीचा कोणताही प्रयोग तडीस जात नाही, असे त्यांचे मत होते.

इंदूर पद्धत

प्रश्न साधा आणि अवघड होता. मातीला सेंद्रिय खत हवे, पण ते आणायचे कोठून? शेण निम्म्याहून अधिक चुलीत जाई. गोवऱ्या जाळू नका असे गरिबाला सांगण्यात अर्थ नव्हता. दुसरीकडे पऱ्हाट्या, तुराट्या, उसाचे पाचट, तण आणि पालापाचोळा यांचे ढीग शेताच्या कडेला वाया जात किंवा पेटवले जात. अमेरिकन शेतीतज्ज्ञ एफ. एच. किंग यांचा चीन, कोरिया आणि जपानमधील शेतीवरचा १९११ सालचा ग्रंथ हॉवर्ड यांनी बारकाईने वाचला होता. मोजकी जनावरे असूनही चिनी शेतकऱ्यांनी हजारो वर्षे जमीन कसदार ठेवली ती काहीही वाया न घालवता. हे ज्ञान हिंदुस्थानातील गोठ्याशी आणि आधुनिक सूक्ष्मजीवशास्त्राशी जोडायचे, हे हॉवर्ड यांनी ठरवले. या कामात रसायनाची बाजू सांभाळली यशवंत वाड या त्यांच्या सहकाऱ्याने.

पद्धत अशी होती. गोठ्याजवळ सुमारे तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि तीन फूट खोल, उतरत्या कडांचे खड्डे खणायचे. काडीकचरा एका जातीचा नको, तर मिश्र हवा. ओला हवा, वाळलेला हवा आणि कठीणही हवा. पऱ्हाट्यांसारखे लाकडी अवशेष रस्त्यावर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चुरून घ्यायचे. गोठ्यात बैलांच्या पायाखाली हा कचरा अंथरला की शेण आणि मूत्र त्यात आपोआप मुरते. गोठ्याची मूत्र शोषलेली माती आणि लाकडाची राख यांनी आंबटपणा मारला जातो. हे सारे थराथराने खड्ड्यात भरायचे, पाणी शिंपडायचे आणि पहारीने हवेसाठी भोके पाडायची. खड्डा तापतो आणि आतले तापमान पासष्ट अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. आधी बुरशी कामाला लागते, मागून जिवाणू येतात. साधारण पंधरवड्याने, महिन्याने आणि दोन महिन्यांनी असे तीन वेळा खत वरखाली करायचे. तीन महिन्यांत ओळख पटणार नाही इतके जुने रूप पालटते. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरते, म्हणून तेव्हा जमिनीवरच दोन फूट उंचीचे ढीग रचायचे.

यामागचे गणित हॉवर्ड आणि वाड यांनी नेमके बांधले होते. सुरुवातीच्या मिश्रणात कार्बन आणि नायट्रोजन यांचे प्रमाण साधारण तेहतीसास एक असावे. कार्बन फार झाला तर कुजण्याची क्रिया मंदावते आणि नायट्रोजन फार झाला तर तो अमोनिया होऊन उडून जातो. हवा हवी, ओल हवी, पण चिखल नको. इंदूरच्या संस्थेत चाळीस बैलांच्या जोरावर वर्षाला हजार गाड्या खत निघू लागले. ना यंत्र होते, ना परदेशी साधन. फावडे, घमेले आणि बैलगाडी एवढ्यावर हे काम चालत असे. १९३१ मध्ये हॉवर्ड आणि वाड यांच्या नावाने या पद्धतीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पद्धतीला हॉवर्ड यांनी स्वतःचे नाव दिले नाही. ज्या भूमीने तिला थारा दिला तिचेच, इंदूरचे, नाव दिले.

पुस्तक हाती येण्याआधीच हॉवर्ड यांच्यावर मोठा आघात झाला. ऑगस्ट १९३० मध्ये जिनिव्हा येथे गॅब्रिएल यांचे निधन झाले. त्या अवघ्या ५३ वर्षांच्या होत्या. पंचवीस वर्षांच्या सहजीवनात ज्या कामाचा पाया दोघांनी घातला, त्याचा जगभर झालेला विस्तार पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९३१ मध्ये हॉवर्ड यांनी हिंदुस्थान सोडला. पुढे गॅब्रिएल यांच्या भगिनी लुईस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. अभिजात भाषांच्या अभ्यासक असलेल्या लुईस यांनी हॉवर्ड यांचे विचार सामान्य वाचकांपर्यंत नेले आणि त्यांच्या निधनानंतर, १९५३ मध्ये, त्यांच्या भारतातील कार्याचा वृत्तांतही लिहिला. १९४० मध्ये आलेला आपला सर्वांत गाजलेला ग्रंथ, ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’, हॉवर्ड यांनी मात्र गॅब्रिएल यांच्याच स्मृतीस अर्पण केला.

घरामागची बाग

निवृत्तीनंतर हॉवर्ड स्वस्थ बसले नाहीत. १९३४ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी त्यांनी लंडनजवळ ब्लॅकहीथ येथे घर घेतले. घरामागच्या बागेची माती पार थकलेली होती. फळझाडे किडीने वेढलेली होती. कोणत्याही माळ्याने प्रथम फवारणीचा पंप उचलला असता. हॉवर्ड यांनी पंप उचलला नाही आणि रासायनिक खताचे पोतेही आणले नाही. त्यांनी खताचा ढीग रचला. कंपोस्ट मातीत जाऊ लागले आणि काही वर्षांत कीड ओसरत गेली, झाडे सावरली. तीनशे एकरांवर मिळालेले उत्तर घरामागच्या वाफ्यातही लागू पडते, असा त्यांना याचा अर्थ लागला.

बागकाम करणाऱ्या शहरवासीयांसाठी त्यांनी न्यूझीलंडमध्ये प्रचारात आलेल्या लाकडी खतपेटीची शिफारस केली. चार फूट लांब-रुंद, तीन फूट उंच आणि फळ्यांमध्ये हवेसाठी फटी असलेली ही पेटी होती. तिच्यात सहा इंच बागेतला व स्वयंपाकघरातला ओला-सुका कचरा, त्यावर दोन इंच शेणखत, वर माती आणि राखेचा हलका थर आणि पुन्हा तेच. आज घरोघरी दिसणारे खताचे डबे याच कुळातले आहेत.

या बागेत गांडुळालाही मानाचे स्थान होते. चार्ल्स डार्विन यांनी अखेरच्या काळात गांडुळांवर लिहिलेले पुस्तक १९४५ मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याची प्रस्तावना हॉवर्ड यांनी लिहिली. मातीतील बुरशीचे धागे आणि झाडांची मुळे यांच्या मैत्रीकडे, म्हणजे मायकोरायझाकडे, त्यांनी आग्रहाने लक्ष वेधले. १९३७-३८ च्या हिवाळ्यात भारत आणि श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांना भेट देऊन चहाच्या मुळांवरही त्यांनी हे नाते शोधले. माती हे मृत द्रव्यांचे पोते नसून असंख्य जिवांची वस्ती आहे आणि बागायतदाराचे पहिले काम त्या वस्तीला अन्न देण्याचे आहे, हा त्यांच्या शिकवणुकीचा गाभा. पानावरचा मावा, त्याला खाणारा ढालकिडा, पाचोळ्याखालची गोम, गांडुळे वेचणारी साळुंकी ही सारी या वस्तीचीच माणसे.

समर्थक आणि टीकाकार

इंदूर पद्धत हिंदुस्थानाबाहेर वेगाने पसरली. १९३३ मध्ये केनियातील नैरोबीजवळच्या कॉफीच्या मळ्यावर ती सुरू झाली. पुढे चहाचे मळे, ऊस, रबर, भाजीपाला असा तिचा विस्तार झाला. इंग्लंडमध्ये लेडी ईव्ह बाल्फोर यांचे ‘द लिव्हिंग सॉइल’ हे पुस्तक १९४३ मध्ये आले आणि १९४६ मध्ये सॉइल असोसिएशन स्थापन झाली. अमेरिकेत जेरोम रोडेल यांनी हॉवर्ड यांच्या ग्रंथाने भारावून जाऊन १९४२ मध्ये सेंद्रिय शेती आणि बागकाम यांना वाहिलेले मासिक काढले.

भारतातही या कामाची दखल घेतली गेली. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेल्या महात्मा गांधींनी संस्थेला भेट देऊन खत तयार करण्याची पद्धत पाहिली. जॅक्सन आणि यशवंत वाड यांनी शहरातील मैला व कचरा याच पद्धतीने निर्धोक करून शेतीला देण्याचे प्रयोग केले. शहराची घाण आणि शेताची भूक ही एकाच प्रश्नाची दोन टोके आहेत, हे त्या प्रयोगांनी तेव्हाच दाखवले होते.

हॉवर्ड यांचे टीकाकारही थोडे नव्हते. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्यासाठी उभारलेले नायट्रोजनचे कारखाने युद्धानंतर खताच्या बाजारपेठा शोधत आहेत, असे ते उघडपणे लिहीत. प्रयोगशाळांतील छोट्या वाफ्यांवरच्या संशोधनाची ते निर्भर्त्सना करीत. त्यामुळे जुने सहकारी दुरावले. कंपोस्ट पुरेसे कोठून मिळणार, त्याला लागणारी मजुरी परवडणार कशी, हे त्यांना विचारले जाणारे प्रश्न आजही सुटलेले नाहीत. वनस्पती, जनावरे आणि माणसे यांच्या बहुतेक रोगांचे मूळ निकस मातीत आहे, हे त्यांचे प्रतिपादनही जसेच्या तसे टिकलेले नाही. अनेक विषाणू आणि बुरशी सुदृढ पिकालाही गाठतात, हे नंतरच्या संशोधनाने सिद्ध केले. हॉवर्ड यांचा स्वभाव तडजोडीचा नव्हता. पुराव्याच्या पुढे धाव घेण्याचा दोष त्यांच्या उत्तरायुष्यातील लेखनात दिसतो, हे मान्य करावे लागते. मात्र मातीतील सेंद्रिय कर्ब, सूक्ष्मजीवांची विविधता आणि मायकोरायझा यांचे महत्त्व त्यांनी ज्या काळात सांगितले, त्या काळात ते सांगणारे फार थोडे होते. यातील बहुतांश मुद्दे आज मृदाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आहेत.

२० ऑक्टोबर १९४७ रोजी ब्लॅकहीथ येथे हॉवर्ड यांचे निधन झाले. भारत स्वतंत्र होऊन दोन महिने झाले होते. पुढे १९६० च्या दशकात देशाने अन्नाच्या टंचाईतून वाट काढताना संकरित बियाणे आणि रासायनिक खते यांचा मार्ग पत्करला. त्याने कोठारे भरली, उपासमार टळली. पण मातीचा कस, विहिरींचे पाणी आणि शेतातील पाखरे यांची किंमत मोजावी लागली. हॉवर्ड यांचे नाव मागे पडले, पण त्यांचे बीज रुजत राहिले. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, अर्थात नाडेपकाका, यांनी विटांच्या जाळीदार टाक्यात थोड्या शेणात भरपूर खत करण्याची पद्धत शोधली. नाडेप टाके महाराष्ट्राच्या खेडोपाडी पोचले. त्या टाक्यातही तत्त्व तेच आहे. हवा, ओल, मिश्र कचरा आणि धीर.

इंदूरच्या संस्थेच्या जागी पुढे कृषी महाविद्यालय उभे राहिले. २०१७ पासूनच्या स्वच्छता सर्वेक्षणांत इंदूरने वर्षानुवर्षे देशात पहिला क्रमांक पटकावला. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करणे हे त्यामागचे मोठे कारण होते. यात योगायोग असेलही. पण ज्या शहराचे नाव जगाच्या बागांत खताच्या पद्धतीला चिकटले आहे, त्या शहराने कचऱ्यातूनच नाव कमवावे, हे हॉवर्ड यांना आवडले असते, असे मानायला हरकत नाही.

महानगरांच्या कचराभूमीवर दररोज जाणाऱ्या ट्रकांमध्ये मोठा हिस्सा भाजीची देठे, फळांच्या साली आणि झाडलेला पाचोळा यांचा असतो. शेतातून शहरात आलेले हे धन शेतात परत जात नाही. तेथे ते सडते आणि पेटते. हॉवर्ड यांनी आयुष्यभर सांगितलेला नियम परतफेडीचा होता. जमिनीतून जे घेतले ते तिला परत द्यावे. सोसायटीच्या आवारातील पाचोळा पेटवायचा की कुंडीच्या मातीत मुरवायचा, हा निर्णय रोज सकाळी झाडू मारून झाल्यावर कोणीतरी घेत असतो. मातीचे ऋण फेडण्याची सुरुवात तेवढ्या छोट्या निर्णयापासून होऊ शकते.